चाकं वाटली, आता भट्ट्या द्या

चाकाचा फोटो छान येतो. मधे फिरणारा मातीचा गोळा, भोवती टाळ्या वाजवणारी मंडळी आणि प्रमुख पाहुण्यांच्या बोटांना लागलेली जराशी माती. विजेवर चालणारी चाकं कुंभारांना वाटल्याच्या बातम्या गेली काही वर्षं आपण वाचतो आहोत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना २०१८ पासूनची. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकामही आहे आणि तिथे अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. चांगली गोष्ट आहे. दांडा घालून जड चाक फिरवण्यात कुंभाराच्या खांद्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण चाकावरून उतरतं ते अजून मडकं नसतंच. वाळल्यावर पाण्याच्या बादलीत टाकून बघा, थोड्या वेळात तळाशी चिखल होऊन बसेल. त्याचं मडकं होतं भट्टीत, आणि १५ हजारांत बऱ्या भट्टीचं दारही येत नाही.

मी जन्मानं किंवा शिक्षणानं कुंभार नाही. माझी नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये गेली. गिअर आणि शाफ्ट तापवायचे, ९२०-९३० अंशांवर त्यांच्या अंगात कार्बन मुरवायचा, तेलात विझवायचे आणि रॉकवेलच्या मशीनवर कडकपणा मोजायचा. निवृत्तीनंतर बोन्सायचे ट्रे करायला लागलो ते बायकोमुळे. तिच्या गच्चीवर उंबर, पिंपरी, चिंच, बोगनवेल अशी बुटकी मंडळी जमली आणि त्यांना बसायला जागा लागू लागली. माती मला नवीन होती. विस्तव नवीन नव्हता.

बोन्सायचा ट्रे करणं म्हणजे मातीच्या वाकड्यात शिरणं. मडकं गोल असतं, त्याच्या अंगात ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. ट्रेला चार कोपरे, सपाट लांब बूड, खाली पाय, पाणी जायला मोठी भोकं आणि झाड बांधायच्या तारेसाठी बारीक भोकं. म्हणजे तड्याला ठिकठिकाणी आयतं निमंत्रण. त्यात माती आकसते. ओल्या पाट्यातून ४० सेंटीमीटर लांब कापलेला ट्रे वाळून-भाजून हातात येतो तेव्हा ३५ च्या आसपास भरतो. भोकंसुद्धा आकसतात, म्हणून ती आधीच मोठी पाडायची. कडा लवकर वाळतात, बूड मागे राहतं आणि या ओढाताणीत कोपरा फाटतो. त्यावर उपाय एकच, प्लॅस्टिकखाली झाकून सावकाश वाळवणं. पावसाळ्यात पंधरवडा सहज जातो. पिंपळ-वडाच्या जातीच्या झाडांची कुंडी बदलायची ती नेमकी पावसाच्या तोंडावर, त्यामुळे लोकांना ट्रे हवे असतात तेव्हा माती वाळत नाही. यावर माझ्याकडे इलाज नाही. गिऱ्हाइकांनी फेब्रुवारीत ऑर्डर द्यावी.

पुढचं सगळं भट्टीच्या हातात. पहिली भाजणी, स्टुडिओवाले जिला बिस्क म्हणतात ती, हजार अंशांच्या आसपास होते. सुरुवात इतकी धीमी की बघणाऱ्याला वाटावं, भट्टी लावायचीच राहिली. रात्रभर शंभर अंशांच्या आत, दार बोटभर उघडं. हाताला कोरडा लागणारा ट्रे आतून ओला असू शकतो. त्या पाण्याची एकदम वाफ झाली तर ट्रे नुसता तडकत नाही, स्फोट झाल्यासारखा फुटतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी सुटतं. ते गेलं की ती पुन्हा चिखल होत नाही. ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक रचना बदलतात आणि एकदम फुगतात. थंड होताना त्याच आकड्यावर ते तितकेच आकसतात. हा आकडा मी भिंतीवर लिहून ठेवला आहे. ट्रेचं बूड गरम शेल्फवर टेकलेलं असतं आणि कडा मोकळ्या हवेत. दोन्हींनी वेगवेगळ्या वेळी ५७३ ओलांडला की बंद भट्टीतून ‘टिण्’ असा बारीक आवाज येतो. तो ऐकल्यावर दार उघडायची घाई उरत नाही.

दुसरी भाजणी १२२० अंशांची. या तापमानाला माती दगडासारखी घट्ट होते, पण त्याआधी जराशी मऊही पडते. ट्रे आकसताना त्याचे पाय शेल्फवरून सरकत आत यावे लागतात. ते अडकले तर बूड वाकतं किंवा पाय निखळतो. म्हणून शेल्फवर अ‍ॅल्युमिनाची पूड पसरायची. ट्रे मोठा असेल तर त्याच्याखाली त्याच मातीची कच्ची फरशी ठेवायची म्हणजे दोघं मिळून आकसतात. फरशी एकदाच वापरता येते. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पण तिचे पैसे किमतीत धरलेले असतात.

भट्टीच्या कंट्रोलरवर आकडा दिसतो, पण तेवढ्यावर मी विसंबत नाही. कंट्रोलर सांगतो ते आतल्या एका टोकाचं तापमान. मातीनं किती उष्णता पचवली ते सांगायला शंकू लागतात. ठराविक मिश्रणाचे हे बोटाएवढे सुळके ठराविक उष्णता खाल्ली की वाकतात. बर्लिनच्या हेर्मान सेगरनं ते १८८६ मध्ये काढले आणि १८९६ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ऑर्टननं आपले शंकू बनवायला घेतले. आमच्या शॉपमध्ये गिअरच्या प्रत्येक लॉटबरोबर एक टेस्ट पीस भट्टीत जायचा आणि लॉटबद्दल शंका आली की तोच कापून बघायचा. शंकू पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला शॉपमधलंच कुणी भेटल्यासारखं वाटलं.

एवढं सविस्तर सांगितलं ते किमतीकडे येण्यासाठी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमाराला बोन्सायवाल्यांचा उत्साह उतू जातो. मग घरी येणाऱ्या ताई ट्रे उचलतात, बोटानं वाजवतात (ही परीक्षा गोरोबाकाकांपासून आपल्या ओळखीची), आवाज खणखणीत आहे यावर खूश होतात आणि विचारतात, “एवढ्याशा मातीला दोन हजार? अहो, प्लॅस्टिकचा दीडशेत मिळतो.” मी म्हणतो, मातीचे वीस-पंचवीस धरा, बाकीचे विस्तवाचे. माझी भट्टी आठ किलोवॉटची. एका मोठ्या भाजणीला पन्नासेक युनिटं जातात, आणि प्रत्येक ट्रे दोनदा भाजायचा. दर तुमच्याच बिलावर बघा. शिवाय थ्री-फेज जोडणी, झिजणाऱ्या कंथालच्या कॉइल, फुटणारे शेल्फ. पाचांतला एक ट्रे गेला तर उरलेल्या चारांनी त्याचं भाडं भरायचं. त्या ताई नाराज होऊन जातात. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण यातलं काहीच दुकानात दिसत नाही.

बाजारात चिनी मातीचे जे ट्रे दिसतात त्यांतले पुष्कळ उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे. साच्यात पातळ माती ओतून काढलेले, सारखे, स्वस्त. हौशी मंडळी त्यांना नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. एका गावात माती, साचे, भट्ट्या आणि केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचं केंद्र असं सगळं जवळजवळ आलं की काय होतं ते खुर्ज्यात दिसतं. अडचण एवढीच की तुमच्या उंबराच्या मुळांचा पसारा बघून खुर्जा माप बदलत नाही. ते काम जवळच्या कारागिराचं.

आणि तसे कारागीर आहेत. मुंढवा-केशवनगरचे एक कुंभारमामा माझ्या ओळखीचे आहेत. मला अर्धी सकाळ लागते तो गोल उथळ वाडगा ते चहा निवेपर्यंत चाकावरून उतरवतात आणि कडेला अशी जाडी ठेवतात की माझी मान खाली जाते. भाजणी त्यांची आव्यात. खाली गोवऱ्या, पाचट, लाकडाच्या ढलप्या, वर भांडी रचलेली, त्यांवर खापरं आणि राख. आवा ही हुशार गोष्ट आहे, फुकटच्या जळणावर शेकडो भांडी एका रात्रीत भाजते. पण तिथे एका कोपऱ्यात आठशे अंश असतात तर दुसऱ्यात सहाशेच. “हाताचं काही नाही हो साहेब,” मामा म्हणतात, “वाऱ्याचं काय करू सांगा.” त्यात आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले आहेत. आवा पेटला की बाल्कन्यांतून फोन सुरू होतात. आवा आधीचा आणि टॉवर नंतरचे, हे खरं. धुरानं मुलं खोकतात, हेही खरं. धारावीच्या कुंभारवाड्यात तर कापसाच्या चिंध्यांवर भट्ट्या पेटतात आणि तो धूर सगळ्यात आधी कुंभाराच्याच घरातली माणसं गिळतात.

मामांचा वाडगा आव्यातून निघतो तेव्हा किलोला दीडशे ग्रॅमपर्यंत पाणी पितो. ही परीक्षा कुणालाही घरी करता येईल: कोरडी कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, रात्रभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. १२२० अंशांवर भाजलेला ट्रे किलोला वीस-तीस ग्रॅमच्या पुढे जात नाही. जपानी पुस्तकं वाचलेले काही जण माझ्याकडे बर्फात न फुटणारी कुंडी मागतात. पुण्यात बर्फ कुठला? आपला शत्रू बोअरचं पाणी. सच्छिद्र कुंडीतून क्षार बाहेर झिरपतात, पांढरे होऊन बसतात आणि दोन-चार उन्हाळ्यांत कुंडीचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय ट्रे उथळ आणि पातळ असतो. तार ओढून झाड बांधलं की कच्च्या भाजणीची भोकं उकलतात. झाड घडत असताना साधी मातीची कुंडी उत्तमच, माझ्या बायकोची निम्मी झाडं तशाच कुंड्यांत आहेत. घडलेल्या झाडाला मात्र पक्का ट्रे हवा.

मग मामांचे वाडगे माझ्या भट्टीत घातले की झालं? होत नाही. त्यांची माती गाळाची, लोहाची, कमी उष्णतेवर वितळणारी. तिचा तुकडा मी बशीत ठेवून ११८० पर्यंत नेला. तो फुगला, काळा पडला आणि बशीवर पसरला. दुसरा १०५० वर थांबवला तर विटेसारखा लाल आणि आव्यातल्यापेक्षा कितीतरी घट्ट निघाला. म्हणजे मामांना त्यांच्या मातीसाठी १०५० ची भाजणी हवी आणि हळूहळू फायरक्ले, बॉलक्ले मिसळून वर सरकायची संधी हवी. स्वतःची भट्टी घेऊन हे प्रयोग ते करू शकत नाहीत. माझ्या मापाची भट्टी लाख-दीड लाखाच्या खाली नव्हती, आणि ती रोज पेटतही नाही. महिन्यातले बरेच दिवस ती नुसती जागा अडवून उभी असते.

भोसरीत शिकलेला हिशोब इथे लागू पडतो. दोन लेथवर गिअर कातणारा छोटा कारखानदार हीट ट्रीटमेंटची भट्टी विकत घेत नाही. घेतली तर बुडेल. तो माल जॉबवर्कला पाठवतो, किलोमागे पैसे देतो आणि लॉटबरोबर भट्टीचा चार्ट मागून घेतो. वसाहतीतल्या किती शॉपचा माल आमच्या भट्ट्यांतून गेला असेल! त्यांतल्या प्रत्येकाला सरकारनं एकेक लेथ वाटला असता आणि हीट ट्रीटमेंटचं तुमचं तुम्ही बघा म्हटलं असतं, तर भोसरीत गिअर झालेच नसते. मातीकामात आपण नेमकं तेच करतो आहोत.

बोन्सायच्या ट्रेंसाठी जगभर नावाजलेलं जपानमधलं तोकोनामे गाव घ्या. तिथे टेकडीच्या उतारावर एकापुढे एक कप्पे चढवलेली एक जुनी भट्टी जपून ठेवली आहे. तोएइ-गामा तिचं नाव. १८८७ च्या सुमाराची, आठ कप्प्यांची, वेगवेगळ्या उंचीच्या दहा धुराड्यांची. १९७४ पर्यंत ती पेटत होती. एवढी भट्टी एका घराच्या मालानं भरत नाही. अशा भट्ट्यांत अनेकांचा माल एकत्र रचला जाई आणि आग सगळ्यांची मिळून असे. पुढे गॅस आणि विजेच्या भट्ट्या आल्या, मोठी धुराडी विझली. पण तोवर गावात पिढ्यान्‌पिढ्या भाजणी जाणणारी माणसं तयार झाली होती. तोकोनामेचा लाल-तपकिरी ट्रे हातात घेऊन आपण वाहवा करतो ती एका कारागिराच्या बोटांची. गावानं वाटून घेतलेला विस्तव त्यात जमेला धरत नाही.

हे जपानलाच जमतं असं कुणी म्हणू नये. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला तो गावच्या कुंभारकामाला नवं तंत्र मिळावं म्हणूनच. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे, पण पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना पाँडिचेरीचे स्टुडिओ माहीत असतात, भद्रावती माहीत नसते.

आता लोक म्हणतील, पुण्या-मुंबईतले काही स्टुडिओ दुसऱ्यांची भांडी भाजून देतातच की. देतात, आणि चोख देतात. पण कराडच्या किंवा अंबाजोगाईच्या माणसानं काय करायचं? गिअर टेम्पोत टाकून कुठेही पाठवता येतो. कच्चा ट्रे बिस्किटासारखा ठिसूळ असतो. तो मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला येईल त्याला मी माझ्या खिशातून बक्षीस देईन. कच्च्या मातीला प्रवास सोसत नाही, म्हणून भट्टी जवळच हवी, निदान तालुक्याला एक.

जागाही शोधायला नको. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. तिथे थ्री-फेज वीज असते, शेड असते, भिंतीवर अग्निशमनाचं नळकांडं असतं आणि वायरमनच्या वर्गातली पोरं असतात, ज्यांना कॉइल बदलायला शिकवता येईल. दुसरी शंका मात्र खरी आहे आणि ती माझीही आहे: सरकारी भट्टी उद्घाटनानंतर गंजत पडेल. पडेल, जर यंत्र दिलं आणि माणूस दिला नाही तर. भट्टी चालवणं हे पगारी कौशल्याचं काम आहे. नारळ फोडणाऱ्यांनी ऑपरेटरच्या निदान तीन वर्षांच्या पगाराची तरतूद दाखवावी आणि मगच नारळ फोडावा. पैसे कमी पडत असतील तर एका तालुक्यातली दहा चाकं कमी वाटा. चाक शेजारच्याचं वापरता येतं.

नियमही मी लिहून ठेवले आहेत. निवृत्त माणसाला वेळ असतो. भाडं शेल्फच्या जागेवर घ्यावं, वजनावर नको. लोखंडात किलो चालतो, मातीत जागा विकली जाते. आठवड्यात एक भाजणी १०५० ची, एक १२२० ची, आणि वार ठरलेले. प्रत्येकाला भाजणीचा चार्ट आणि वाकलेल्या शंकूचा फोटो मिळावा. ओलं भांडं आणणाऱ्याला परत पाठवावं, मग तो कुणाचाही माणूस असो. आणि ज्याची कुंडी फुटून शेजारच्याचा माल खराब होईल, त्यानं शेजारच्या शेल्फचं भाडं भरावं.

हा कागद मी मामांना वाचून दाखवला. बाकी सगळ्याला त्यांनी मान डोलावली, शेवटच्या नियमाला नाही. म्हणाले, “माती ओली असली तर चूक माझी. पण भट्टी पळवली कुणी, तुमच्या त्या ऑपरेटरनं ना? मग आधी चार्ट बघायचा. शंभरच्या आत रात्रभर ठेवली नसेल तर दोन्ही शेल्फांचं भाडं आयटीआयनं भरायचं.” मी कागदावर तसा बदल केला आहे.